एकोणीस नंबरची टिक

आक्ख्या बेळगावात मेनफ्रेमला हात लावलेला नववी नापास माणूस मी एकटाच. आता हात लावलेला म्हणजे, पयली दोन वर्सं फडकं घेऊन धूळ पुसायला लावलेला.

त्या रविवारी मात्र हातात फडकं नव्हतं, लिस्ट हुती. अठ्ठावीस कामं, हरेक कामाम्होरं एक चौकोन. काम झालं की चौकोनात टिक मारायची. सव्वीस टिका झालत्या. सत्ताविसावं काम दिसायला सोपं हुतं. बाहेरच्या कॉम्प्युटरनं आतल्याला हाक मारायची आणि आतल्यानं ओ द्यायची. तेला पिंग म्हणतात. अश्विनी तासभर हाका मारत बसलीती. आतनं कोण बी ओ देईना.

दुपारचा एक वाजलाता. चार वाजता बेंगळुरातनं हेडऑफिस टेस्ट घेणार हुतं.

आमचं सेंटर काकतीच्या पुढं, हायवेला लागून. भोवतीनं ऊस. बाहेर ऊन असलं की डोळं उघडवत न्हाय, आणि आत मशीनच्या खोलीत बाराई महिने थंडी. मी खडेबाजारातनं घेतलेला लोकरीचा स्वेटर मे महिन्यात बी घालतो. शेजारपाजारच्यांना वाटतंय माजं डोकं फिरलंय. आमची कंपनी दुसऱ्यांची मशीनं सांभाळती. ह्या मशीनवर एका विमा कंपनीचं काम चालतंय. सोमवारी सकाळी तेंची तीन जिल्ह्यांतली ऑफिसं उघडली की सगळी जणं ह्या एका मशीनकडं तोंड करून बसणार.

मेनफ्रेम म्हणजे काय, ते बायकोला सांगितलं तसंच तुमास्नी सांगतो. फ्रिजपेक्षा उंच काळं कपाट. दिसायला एक, पण तेच्या पोटात पन्नास कॉम्प्युटर चालल्यागत चालतात, आणि हरेकाला वाटतंय आक्खं मशीन माजंच हाय. त्या पोटातल्यांवर लिनक्स चालतंय, म्हणून आमी तेंना लिनक्सच म्हणतो. हे लिनक्स, ते लिनक्स. आता एवढ्या जणांना बाहेर बोलायचं तर दार पायजे. ते दार म्हणजे नेटवर्क कार्ड. आमच्यात तेला ओसा म्हणतात. हरेकाला वेगळं कार्ड कोण देत न्हाय, चार-पाच जणांत मिळून एक. तेला शेअर्ड म्हणायचं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे चाळ हाय म्हणा की, आणि दार एकच. मला हे समजायला चार वर्सं गेलती.

त्या रविवारचं काम असं हुतं. विमा कंपनीची सहा लिनक्स आत हुती. ती थेट कार्डाला लागलेली नव्हती. तेंच्या म्होरं एक लिनक्स पहाऱ्याला बसवलेलं, तेला गेटवे म्हणतात. बाहेरचं आलेलं ते घेणार आणि आतल्या सहांना वाटणार. तो गेटवे जुना झालाता. तेच्या जागी नवा गेटवे तयार ठेवायचा, जुन्याला बंद करायचं, मग नव्याला उठवायचं आणि सहांना तेच्या मागं न्यायचं. कार्ड तेच. अश्विनीनं सगळं बांधून दिलंतं, आणि मी लिस्ट घेऊन वळीनं टिका मारलेत्या.

अश्विनी निपाणीची. इंजिनिअर. आमच्याकडं प्रोबेशनवर हुती, म्हणजे अजून पक्की नव्हती. मागच्या खेपेला एका कामात चार तासाचा घोळ झाला म्हणून तिचं प्रोबेशन तीन महिने वाढवलंतं. आता हेच्या पुढं वाढवायची सोय नव्हती. आमच्या शैलजा मॅडम धारवाडच्या, बोलतात हळू, पण बोललेलं फिरवत न्हाईत. तेंनी शुक्रवारीच सगळ्यांम्होरं सांगितलंतं, हे काम स्वच्छ झालं तर सोमवारी तुझं नाव पाठवते, नाही झालं तर हेडऑफिस मला विचारणार पण नाही.

अश्विनीची आई विड्या वळती. मांडीवर सूप घेऊन बसायचं ते दिवस बुडंपतोर. पोरीला म्हणालीती, पक्कं झाल्याचं लेटर दाखव, त्या दिवशी सूप खाली ठेवतो. हे मला अश्विनीनंच एकदा डबा खाता खाता सांगितलंतं, हसत हसत. मी बी हसलोतो. तवा तेचं काय वजन वाटलं न्हाय.

तर पिंग जाईना. मग आमी वळीनं बघायला सुरवात केली.

पयला नंबर बघितलं. एका लिनक्सला कार्डावर तीन नंबर लागतात, एक ऐकायचा, एक बोलायचा आणि एक माल न्यायचा. तिन्ही पाठोपाठचे लागतात, इकडचा एक आणि तिकडचा एक चालत न्हाय. मी मोठ्यानं वाचायचं आणि तिनं कागदावर बोट ठेवून बघायचं. तिन्ही बरोबर.

मग तिनं नव्या गेटवेला सोताला हाक मारली. तेनं लगेच ओ दिली. म्हणजे दार उघडं हाय, पहारेकरी जागा हाय. पहाऱ्याच्या मागच्या सहांना हाक मारली की मात्र सगळं गप. आतनं बाहेर हाक मारून बघितली, तर हाक बाहेर जाती आणि उत्तर परत आत येत न्हाय. बोलतंय पण ऐकू येईना झालंय, असं.

मग बेंगळुरातल्या नेटवर्कवाल्याला फोन लावला. तेनं न बघताच सांगितलं, आमच्या साईडनं क्लिअर हाय. हे वाक्य तेंना लहानपणी शिकवत असणार. अश्विनीनं तेला तरी बघायला लावलं. तेनं बघितलं, आणि खरंच क्लिअर हुतं.

दोन वाजायला आलते. अश्विनी मला म्हणाली, अण्णा तुमी जेवून घ्या, तुमच्या पोटाचा आवाज मशीनपेक्षा मोठा यायलाय.

मी डबा घेऊन मशीनच्या मागच्या अंगाला जाऊन बसलो. हितं बसायला परवानगी न्हाय, पण आक्ख्या खोलीत ऊब फक्त हितंच. म्होरनं गार हवा आत जाती आणि मागनं तापून बाहेर येती. पाठ टेकली की म्हशीच्या अंगाला टेकून बसल्यागत वाटतंय. भाकरी खाल्ली, पाणी प्यालो आणि तसाच बसून ऱ्हायलो.

आता हे माजं जुनं दुखणं सांगाय पायजे. आमचं घर खासबागेत, मागवाल्यांचं. घरात चार माग. वडलांनी मला दहाव्या वर्सी मागावर उभं केलं आणि सतराव्या वर्सी हात जोडून खाली उतरवलं. कारण मागाचा आवाज एकसारखा चालला की माजं डोकं कुठं तरी निघून जायचं. डोळं उघडं, हात चालू आणि मी घरात न्हाय. दोरा तुटायचा, माग तसाच चालायचा आणि वीतभर साडीत बारीक रेघ पडायची. वडील म्हणायचे, परशा, तू झोपत तरी जा रं, निदान आमाला कळंल तरी.

मशीनच्या खोलीतला आवाज बी तसलाच. एकसारखा. तेला सुरवात न्हाय का शेवट न्हाय. हिरव्या दिव्यांची वळ लुकलुकती, हळूहळू, कोण तरी लांबनं डोळं मिचकावल्यागत. मी बघत ऱ्हायलो. मला दिसायला लागलं की पिवळ्या केबलवरनं लहान लहान माणसं चालत यायलीत. बोटाएवढी. हरेकाच्या हातात एक चिठ्ठी. कार्डाच्या दारातनं ती आत येतात, क्षणभर थांबतात, आणि एका बाजूला वळून धुक्यात निघून जातात. एक बी परत येत न्हाय. भांडण न्हाय, गडबड न्हाय. शांतपणे जायलीत. धुक्यात एक जुना दरवाजा हाय, उघडा, आणि आत कोण न्हाय. त्या दारातनं सगळी आत जायलीत.

मी खाडकन जागा झालो आणि मला सगळं कळलं.

मला कळलं की केबल खराब हाय.

एवढं चांगलं स्वप्न पडून सुद्धा मला तेच्यातनं केबल तेवढी दिसली, ही माजी अक्कल. मी उठलो, मागं गेलेली पिवळी केबल हातानं चाचपत चाचपत धरली आणि काढून परत घातली. लई समाधान वाटलं. अर्ध्या मिनिटात शैलजा मॅडम काचेच्या दारात उभ्या. हेडऑफिसबरोबर तेंची व्हिडिओवर मीटिंग चाललीती आणि तेंचा साहेब वाक्याच्या मध्येच तोंड उघडं ठेवून थांबलाता.

"परशुराम, काय काढलं?"

मी म्हटलं, काय न्हाय मॅडम, घातली परत. तेंनी माज्या हाताकडं बघितलं. हाताला चटणी लागलीती. परत मीटिंगला गेल्या.

अश्विनीनं ते बघितलं, पण हसली न्हाय. तवा मला कळलं की ती घाबरलीय. एरवी असल्या गोष्टीवर ती आठवडाभर मला चिडवती. तिनं कागदावर एक चित्र काढलंतं, दार, पहारेकरी, मागं सहा घरं. पेन्सिलीनं एकाच जागेवर गिरवून गिरवून कागद फाटायला आलाता. म्हणाली, अण्णा, आता कार्डालाच विचारायचं. तुमी एचएमसीवर जावा आणि कार्डाचा तक्ता काढून आणा.

एचएमसी म्हणजे मशीनचा हार्डवेअर कन्सोल. वेगळा स्क्रीन, कोपऱ्यातल्या टेबलावर. आणि तक्ता म्हणजे काय, तर कार्डाजवळ एक वही असती. शेअर्ड कार्डावर जी जी लिनक्स हायत ती उठली की आपला पत्ता त्या वहीत लिवतात. बाहेरनं चिठ्ठी आली की कार्ड वहीत बघतंय, हा पत्ता कुणाचा, आणि तेला नेऊन देतंय. आता पत्ता वहीत न्हायच, तर? त्यासाठी एक जण नेमून ठेवायचा. ज्या चिठ्ठीचा मालक सापडत न्हाय, ती सगळी ह्याच्या दारात टाकायची. तेला प्रायमरी राऊटर म्हणतात. एका कार्डावर तो एकच असतोय. दुसऱ्यानं मागितलं तर कार्ड न्हाय म्हणतंय. पयल्यानं सोडल्याशिवाय दुसऱ्याला मिळत न्हाय.

आमची आतली सहा घरं वहीत नव्हती, ती गेटवेच्या मागं हुती. म्हणजे तेंच्या चिठ्ठ्या प्रायमरी राऊटरच्याच दारात पडणार. तो मान नव्या गेटवेला पायजे हुता, म्हणून अश्विनीनं तेच्या फाईलमध्ये तसं लिवून ठेवलंतं.

मी तक्ता उघडला. मला इंग्रजी वाचता येत न्हाय असं न्हाय, पण वाचतो म्हणजे एकेक अक्षर धरून, काटा काढल्यागत. पयली वळ, दुसरी वळ, तिसरी. चौथ्या वळीला प्रायमरी लिवलंतं. म्होरचा नंबर वाचला. परत वाचला.

तो जुन्या गेटवेचा नंबर हुता.

जुना गेटवे सकाळी साडेदहाला बंद करायचा हुता. लिस्टवर एकोणीस नंबर. माज्या हातची टिक तितं हुती, चांगली ठसठशीत. आणि जुना गेटवे जिता हुता. बाहेरनं येणारी हरेक चिठ्ठी तो घेत हुता, मागं कोण ऱ्हायलेलं नव्हतं म्हणून टाकून देत हुता, आणि पुढची घेत हुता.

मी तो विसरलो नव्हतो. तेच सांगायचं हाय. मी तो मुद्दाम ठेवलाता.

मागावर बीम संपलं, म्हणजे ताण्याचा रूळ संपला, की नवा रूळ चढवतात. तवा जुन्याची टोकं कापत न्हाईत. जुन्या एकेक दोऱ्याला नवा दोरा पिळून जोडतात, हजारो दोरे, आणि नवं कापड वीतभर विणून हातात आल्याशिवाय जुन्याला कोण कात्री लावत न्हाय. घाई करून कात्री लावली आणि नव्यात काय चुकलं तर दोन दिवस गेले. माज्या धाकट्या चुलत्यानं एकदा लावलीती, वडलांनी तेच्याशी महिनाभर बोलणं टाकलंतं. ते माज्या हाडात बसलंय. तर सकाळी साडेदहाला माज्या हातानं जुन्याला मारवेना. म्हटलं, ऱ्हाऊ दे बिचारा, नवा नीट चालू दे, मग दुपारी बघू. कुणाला काय त्रास हाय तेचा. आणि टिक मारून टाकली, कारण चौकोन मोकळा दिसला की अश्विनी विचारती.

आता मी कन्सोलम्होरं बसलो आणि इकडं तिकडं बघितलं. अश्विनी लांब, पाठमोरी. मॅडम आत. माज्या मनात आलं, आता गपचिप बंद करावं. जुना गेला की नवा आपोआप बसंल, पिंग जाईल, सगळी म्हणतील चमत्कार झाला, आणि मी बी म्हणीन व्हय की वो, चमत्कारच. मी जुन्याला शटडाऊन दिलं. दोन मिनिटं लागली. दोन वाजून बावन्न मिनिटांनी तो गेला. मग तक्ता नव्यानं काढला, स्वच्छ, आणि तिच्या हातात नेऊन दिला.

पिंग तरी बी गेलं न्हाय.

कारण मान आपोआप मिळत न्हाय. परत मागावा लागतोय. नव्या गेटवेनं सकाळी उठताना एकदा मागितलाता, कार्डानं न्हाय म्हटलंतं, आणि तो गप बसलाता. ती न्हाय म्हटल्याची वळ स्क्रीनवर आलती सुद्धा. उठताना स्क्रीनकडं बघत बसायचं काम कुणाचं हुतं, ते तुमी वळखलंच असणार. मी बघत हुतोच. पांढरी अक्षरं काळ्यावरनं वर वर जायलीती, बगळे उडाल्यागत, लई छान दिसत हुतं.

अश्विनीनं तक्ता खालवर वाचला. मग परत वाचला.

"अण्णा, हितं कोणच प्रायमरी न्हाय."

मी म्हटलं, न्हाय काय?

तिनं फाईल उघडली. फाईलमध्ये तिनं लिवलेलं जसंच्या तसं हुतं. मग लागलं का न्हाय? तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग अगदी बारीक आवाजात, माज्याशी न्हवं, सोताशीच बोलल्यागत म्हणाली की मी बहुतेक हे सेटिंग गेटवे उठल्यावर सेव्ह केलं असणार. सकाळी घाई झालती. माजंच चुकलं.

तिनं एक कमांड मारली, एकच वळ, नव्या गेटवेला परत मान मागायला लावला. कार्डानं दिला. पिंग मारलं आणि सहाच्या सहा घरांनी ओ दिली, एकामागनं एक, शाळेतल्या हजेरीगत. तीन वीस झालते.

चारला टेस्ट झाली, तवर मी अश्विनीच्या शेजारी बसून चहा प्यालो. पास. साडेचारला मॅडमच्या केबिनमध्ये आमी तिघं आणि स्पीकरवर हेडऑफिसचा साहेब. तो हिंदीत बोलत हुता, गोड आवाज. तीन तास उशीर का झाला, मूळ कारण काय लिवू, असं तेनं विचारलं. अश्विनी म्हणाली की सेटिंग सेव्ह करायला मला उशीर झाला, चूक माझी. मग साहेब म्हणाला, अच्छा, वही लडकी है क्या, पिछली बार वाली. मॅडमनी फक्त हो म्हटलं आणि मेल टाइप करायला घेतलं.

मी आणखी एक चहा घेऊन बाहेर आलो. थंडीतनं उन्हात आलं की चष्म्यावर वाफ धरती आणि सगळं जग पांढरं होतंय. मी तसाच उभा ऱ्हायलो, पुसला न्हाय. पांढऱ्यात उसाची हालचाल तेवढी दिसत हुती. लांब हायवेवरनं गाड्या निपाणीकडं जायलीत्या, आवाज यायचा आणि विरून जायचा. मला निपाणीत एक घर दिसलं, जे मी कवा बघितलेलं न्हाय. उंबऱ्याजवळ एक बाई, मांडीवर सूप. हात चाललेत, डोळं दारात. ती कुणाची वाट बघायलीय ते मला ठावं हुतं. वाफ हळूहळू गेली, ऊस परत ऊस झाला. चहा गार झालाता.

मी आत गेलो. मॅडमचं मेल अजून चालूच हुतं. अश्विनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलीती, मोबाईल हातात, पण स्क्रीन काळा.

मी सुरवात केली ती अशी, की मॅडम, मागावर बीम संपलं की जुनी टोकं कापत न्हाईत.

"परशुराम, मला घरी जायचं आहे," मॅडम म्हणाल्या.

"एकोणीस नंबरची टिक खोटी हाय मॅडम," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. मुद्दाम ठेवलं ते सांगितलं, गपचिप बंद केलं ते सांगितलं, पयल्या तक्त्यात काय हुतं ते सांगितलं. मॅडमना पयल्यांदा वाटलं मी पोरीला वाचवायला खोटं बोलायलोय. मला जरा बरं वाटलं, कुणी तरी माज्याबद्दल एवढं चांगलं धरून चाललंय म्हणून. पण मॅडमनी लगेच लॉग उघडायला लावला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी, कुणी कवा काय केलं ते सगळं आपोआप लिवलेलं. तितं हुतं, दोन बावन्न, जुना गेटवे बंद, आणि म्होरं माजं नाव. अश्विनी उठून जवळ आली. बोट ठेवून ती वळ वाचली. मग सकाळच्या लॉगमधी जाऊन नव्या गेटवेला कार्डानं न्हाय म्हटल्याची वळ शोधून काढली. ती बी वाचली. फाईल तिनं वेळेवरच सेव्ह केलीती. सगळं बरोबर केलंतं तिनं, सकाळपासनं.

माज्याकडं तिनं बघितलं न्हाय.

मॅडमनी मेलमधला आधीचा मजकूर पुसला. पुसायला बराच वेळ लागला, म्हणजे बरंच लिवलंतं. नवीन लिवताना मला विचारलं, परशुरामचं स्पेलिंग काय करता तुम्ही. मी सांगितलं. मग म्हणाल्या, मागाचं जे काय सांगत होता ते आता सांगा. मी सांगितलं. तेंनी शेवटपतोर ऐकलं आणि म्हणाल्या, तुमच्या वडलांचं बरोबर होतं. पण ते जुने दोरे ठेवून कापले म्हणून सांगत नव्हते ना?

मी लिस्ट उचलली आणि एकोणीस नंबरची टिक खोडली.

बुधवारी अश्विनीचं लेटर आलं. माजा मेमो बी बुधवारीच आला. दोन्ही एकाच प्रिंटरमधनं, एकापाठोपाठ एक, दोन्ही गरम. सहा महिने मला कन्सोलवर एकट्यानं बसायला बंदी. लिस्ट बदलली. आता तिच्यावर हरेक कामाला दोन चौकोन असतात, एक करणाऱ्याचा आणि एक सोता जाऊन बघणाऱ्याचा, आणि दोघं एकच माणूस चालत न्हाय. मशीन बंद झालं का न्हाय ते मशीनलाच विचारायचं, बंद करणाऱ्याला विचारायचं न्हाय. ह्या धंद्यात मी शिकलो ते एवढंच, आणि ते शिकवायला आक्खं सेंटर रविवारी कामाला लागलंतं.

लेटर मिळाल्यावर अश्विनी दोन दिवस निपाणीला जाऊन आली. येताना सगळ्यांना पेढे आणले. मला बी दिला, एकच. मी वाट बघत हुतो की ही काय तरी बोलंल. माणसानं आपल्यासाठी मेमो घेतला म्हटल्यावर दोन शब्द तर बोलायचे. न्हाय बोलली. शेवटी मीच म्हटलं, काय गं, त्या दिवशी मी खरं बोललो ते बरं झालं न्हाय? न्हायतर तुजं काय झालं असतं.

ती पेढ्याचा बॉक्स बंद करत हुती. दोरा बांधून झाल्यावर माज्याकडं बघितलं.

"अण्णा, तुमी खरं सांगितलासा कारण ते तुमच्या पोटात राहीना. मी दीड तास सोताला येडी समजत बसलोतो, तवा तुमी शेजारी बसून चहा प्यायलासा. चांगुलपणा म्हणू नका तेला."